घरावर तिरंगा लावला नाही, झेंडा बघून शहाराही येत नाही. मी कमी भारतीय आहे का?

तुम्ही मूळचे धुळ्याचे, नोकरीला पुण्यात. ऑगस्टमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी बाल्कनीतल्या झेंड्याचे फोटो टाकले, तुम्ही टाकला नाहीत, त्यावरून टोमणे ऐकावे लागले. वर तुम्ही असंही लिहिलंय की झेंडा बघून लोक म्हणतात तसं आत काही हलत नाही, आणि आपण आधी भारतीय, मराठी की खानदेशी हेच कळेनासं झालंय.

मी शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. झेंडा बांधायचं काम गेली बारा-तेरा वर्षं माझ्या गळ्यात आहे. खरं सांगू? १५ ऑगस्टला सकाळी मलाही शहारा येत नाही. मला घाम फुटतो.

आदल्या संध्याकाळी दोरी बघायची, कप्पीत तेल सोडायचं. सकाळी घडी घालायची, केशरी वरच येणार याची तीनदा खात्री करायची, आत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या आणि वरून सरकगाठ मारायची. सगळा खेळ त्या गाठीचा. सैल राहिली तर पुडकं अर्ध्यातच उलगडतं आणि पाकळ्या शिपायाच्या डोक्यावर. घट्ट बसली तर पाहुणे दोरी ओढत राहतात आणि पुडकं वर जसंच्या तसं. एका वर्षी हे झालं. सरपंचांनी एक झटका दिला, दुसरा दिला. शंभर-सव्वाशे पोरं सलामीला हात लावून उभी, आणि सगळा गाव झेंड्याकडे न बघता माझ्याकडे बघतोय. तिसऱ्या झटक्याला गाठ सुटली. मनात अभिमान वगैरे काही आला नाही, 'सुटलो बुवा' एवढंच आलं.

नंतर एका निवृत्त गुरुजींनी समजूत घातली. म्हणाले, फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि तिथे झेंडा मध्येच अडकला होता. शिरपूरकडचा एक तरुण सरसर खांबावर चढला आणि त्याने तो मोकळा केला. नेहरूंचा अडकतो तिथे तुझं काय घेऊन बसलास!

तर शहाऱ्याचं एवढं मनावर घेऊ नका. कुणाला शहारा येतो, कुणाला गाठीची काळजी असते.

टोमण्यांचं म्हणाल, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. उद्योगपती नवीन जिंदल यांच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने तिरंगा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हक्क म्हणजे सक्ती नव्हे. राज्यघटनेच्या ५१-अ कलमात ध्वजाचा आदर करणं हे कर्तव्य सांगितलंय. बाल्कनीत लावा आणि फोटो टाका असं कुठे नाही. त्याआधी १९८६ मध्ये केरळातल्या तीन भावंडांचा खटला झाला होता. ती मुलं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. न्यायालयाने परत घ्यायला लावलं. आम्हा मास्तर लोकांनी हा निकाल भिंतीवर लावावा असं माझं मत आहे, पण माझं मत विचारतो कोण.

झेंडा लावणाऱ्यांवर माझा राग नाही. पण २०२२ ला 'हर घर तिरंगा' झालं, त्याच्या आधीच ध्वजसंहितेत बदल होऊन पॉलिस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडा चालू लागला होता. घरावर तो रात्रीही ठेवायची मुभा मिळाली. आमच्या गावातही घरोघरी लागले. दिवाळीपर्यंत बऱ्याच जागी तसेच होते, हिरवा पट्टा दोऱ्या-दोऱ्या झालेला, केशरी उडून पार बदामी. काही कापसाच्या शेतातून सापडले, दोन गटारीच्या कडेला. पोरांनी गोळा करून माझ्याकडे आणून दिले.

फाटका झेंडा एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा असा नियम आहे. मी आणि शिपाईमामा शाळा सुटल्यावर मागच्या भिंतीआड बसलो. खादीचा जुना झेंडा जळतो तेव्हा कापूस जळल्यासारखी मऊ राख होते. पॉलिस्टर तसं जळत नाही हो, आक्रसतं. कडा आत वळतात, अशोकचक्र सुरकुततं, थेंब गळतात आणि गार झाल्यावर काळ्या खड्यासारखे कडक होतात. मामांनी ते खडे काठीने खरवडून काढले, खड्डा करून पुरले. दोघंही बोललो नाही. शहाऱ्याच्या जवळपासचं मला काही झालं असेल तर ते तेव्हा, आणि त्याचा फोटो मी कुठे टाकणार?

आता आधी कोण, याचं.

आमच्या वर्गात पावरा आहेत, भिल्ल आहेत, गुजर आहेत, अहिराणी बोलणारे आहेत. सगळे रोज 'विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे' म्हणतात. ती प्रतिज्ञा मुळात तेलुगूत, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिलेली. एकदा राष्ट्रगीताचा अर्थ सांगत होतो. विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा. एका पावरा मुलीने विचारलं, "सर, सातपुडा कोणत्या ओळीत आहे?" खिडकीतून समोर सातपुडाच दिसतो. म्हटलं, नाहीये. "मग तापी?" तीही नाही. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "लिहिणारे इकडे आले नसतील." विषय संपला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्यात ताठ तीच उभी होती.

आणि नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता तर तुम्हाला माहीतच असेल. ९ सप्टेंबर १९४२ ला झेंडा हातात असताना पोलिसांच्या गोळ्यांनी गेला, सोबत आणखी चार मुलं. शिरीषकुमारची वयाची सोळा वर्षंही पूर्ण नव्हती. त्या पोरांची घोषणा होती 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनु'. म्हणजे गुजराती! खानदेशातल्या गावात, हिंदुस्थानच्या झेंड्यासाठी, शिरीषकुमारच्या घरच्या भाषेत. 'आधी कोण' हा प्रश्न त्या मिरवणुकीत कुणी कुणाला विचारला असेल असं वाटत नाही.

पण माझी अडचण झेंड्यापाशी कधी आलीच नाही, ती दुसरीकडेच होती. २०११ च्या जनगणनेत अहिराणी मराठीत न धरता 'खानदेशी' या वेगळ्या भाषेखाली मोजलीय, आणि ती भाषा बोलणारे १८ लाखांच्या वर आहेत. मी त्यातलाच. नोकरीच्या सुरुवातीला पुण्यात प्रशिक्षणाला होतो. रात्री लॉजच्या जिन्यात उभा असताना मोठ्या भावाचा फोन आला. "काय करी ऱ्हायना भो?" वरच्या पायरीवर दोन पुणेकर सहकारी सिगरेट ओढत उभे. मी म्हणालो, "काही नाही, आत्ताच जेवण झालं. तुम्ही सगळे कसे आहात?" आयुष्यात पहिल्यांदा मी भावाला 'तुम्ही सगळे' म्हणत होतो.

पलीकडे क्षणभर शांतता. मग भावाने आवाज खाली आणून विचारलं, "कोनी शे का तठे?" म्हणजे, तिथे कुणी आहे का?

मी 'हो' म्हणालो, आणि त्याने लगेच फोन ठेवला, जसा मी पोलीस ठाण्यात बसलोय.

झेंड्यासमोर मला असं खोटं कधी वागावं लागलं नाही, जिन्यात लागलं. तुमचंही दुखणं बाल्कनीपेक्षा या जिन्याच्या जवळचं असावं, असा माझा अंदाज आहे. चुकलो असेन तर कळवा. आणि पुढच्या वर्षी झेंडा लावायचं ठरलंच, तर सुती घ्या आणि गाठ आदल्या दिवशी दोनदा ओढून बघा.