आवक शिक्का कुठे आहे?

मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. कॉलेजने एनसीसी ‘सगळ्यांना सक्तीची’ सांगून नाव नोंदवून घेतलं. उन्हातल्या परेडला तो दोनदा कोसळला. डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिलं, तर ‘उशिरा दिलंत, हजेरी कमी, क्रेडिट नाही’. विदर्भातल्या एका पालकांचं हे पत्र. अशी पत्रं दर पावसाळ्यानंतर येतात.

सक्तीवर वाद घालू नका. ती १९६३ साली चीन युद्धानंतर आली आणि १९६८ साली उठली. १९४८ च्या एनसीसी कायद्याचं कलम ६ ‘विद्यार्थी स्वतःहून नाव देऊ शकतो’ एवढंच म्हणतं. पण तुम्ही पाठवलेल्या फॉर्मच्या झेरॉक्सवर सही मुलाचीच आहे आणि आजाराच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात ‘नाही’. सगळ्यांनी लिहिलं म्हणून यानेही लिहिलं! कॉलेज पहिल्यांदा हाच कागद पुढे करणार.

तुमचं बळ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. सिकलसेल त्याच्या अनुसूचीत आहे, आणि कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त कॉलेजने विद्यार्थ्याच्या गरजेनुसार सोय करून द्यायची असते. ४० टक्के अपंगत्वाची अट आरक्षणाला आहे, इथे नाही; क्लार्क काहीही सांगो. मात्र कॉलेजला लेखी कधी कळलं, यावर सगळं अडणार. प्रमाणपत्र तुम्ही शिपायाच्या हातात दिलंत. पोच नाही, आवक क्रमांक नाही. कोर्टात त्याला काडीची किंमत नाही.

उद्याच नवा अर्ज द्या, सही मुलाची, तो सज्ञान आहे. सोबत जुने रिपोर्ट जोडा. मागणी ‘सूट’ अशी मोघम नको. परेडऐवजी त्याच गटातला दुसरा विषय, उदाहरणार्थ एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), द्या असं लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नकार आला तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा आणि तिथेही जमलं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करा. हायकोर्टात रिट करता येते, पण तारीख लागेपर्यंत सेमिस्टर उलटलेलं असतं. बुडालेली हजेरी भरून मिळेलच, असं मी सांगणार नाही.

एक गोष्ट पत्रात नाही. एचपीएलसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर ‘एसएस’ (म्हणजे आजार) आहे की ‘एएस’? ‘एएस’ असेल तर तो नुसता वाहक ठरतो. मग दिव्यांग कायद्याचा मुद्दा टिकणं अवघड, उरेल ती फक्त डॉक्टरांची चिठ्ठी. तो रिपोर्ट आधी पाठवा.