एक्सेल शीटमधले अकरा डॉक्टर

"मॅडम, ज्या डॉक्टरचं गूगलवर धड पानसुद्धा नाही, त्यांच्या हाती बाबांचा मणका द्यायचा का?"

हा प्रश्न हल्ली मला वेगवेगळ्या शब्दांत सारखा ऐकू येतो. कधी गुडघ्यासाठी, कधी आयव्हीएफसाठी, कधी चक्क अक्कलदाढेसाठी. मीनलने (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तो विचारला तेव्हा तिच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. समुपदेशनाला लॅपटॉप घेऊन येणारी माणसं कमी, पण जी येतात ती पुराव्यानिशी येतात.

पुरावा म्हणजे एक एक्सेल शीट. मणक्याची ऑपरेशनं करणारे नागपुरातले ११ डॉक्टर, धंतोली-रामदासपेठेपासून पार वर्धा रोडपर्यंतचे. रकाने असे: तारे किती, रिव्ह्यू किती, त्यातले वाईट किती, यूट्यूबवर व्हिडिओ किती, इन्स्टावर फॉलोअर किती. शेवटचा रकाना होता 'मनाचा कौल'. तो अकराही ओळींत रिकामा.

वडील सत्तरीला आलेले, सक्करदऱ्याला राहणारे. कमरेच्या मणक्यातली नसांची जागा अरुंद झालेली. चौकापर्यंत चाललं की पाय बधिर, मग कुठे तरी टेकायचं. घराण्याच्या जुन्या डॉक्टरांनी धंतोलीतल्या एका सर्जनचं नाव सुचवलं. मीनलने ते शोधलं, तर अर्धवट पान, बंद शटरचा फोटो, लागत नसलेला फोन नंबर आणि २३ रिव्ह्यू. याउलट यादीतल्या एका डॉक्टरांच्या रील्सना लाखभर लोकांनी पाहिलेलं. ती दोन महिने रात्री दोन-दोनपर्यंत वाचत बसायची. ऑफिसात चुका होऊ लागल्या आणि बाबांशी बोलणं भांडणावरच यायचं. बाबांचं म्हणणं एकच, "डॉक्टर मोबाईल पाहून ऑपरेशन करते का बाप्पा? एमआरआय पाहून करते."

मी तिला म्हटलं, शीट बाजूला ठेवू नको, वाचू आपण. आणि खरंच वाचली. एका गाजलेल्या नावाखालचे एक तारेवाले १९ रिव्ह्यू मी तिला मोठ्याने वाचायला लावले. "गाडी लावायला जागा नाही." (धंतोलीत ती कोणालाच नसते.) "अडीच तास बसवून ठेवलं." "काउंटरवरची मुलगी उद्धट." "फी जास्त." पुन्हा पार्किंग. पुन्हा थांबणं. सतरावा रिव्ह्यू होता, "ऑपरेशननंतर दुखणं वाढलं." इथे ती थांबली. मी विचारलं, कसलं ऑपरेशन? किती दिवसांनी? आधीचं दुखणं काय होतं? तिथे यातलं काहीच नव्हतं. तीन शब्द आणि रागावलेल्या चेहऱ्याचा इमोजी.

त्या माणसाचं दुखणं खोटं असेल असं मी म्हणत नाही. पण त्याला उत्तर द्यायची सोय डॉक्टरकडे फारशी नसते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. 'तुम्ही फिजिओथेरपीला चारच दिवस आलात' एवढं जरी त्याने खाली लिहिलं, तरी पेशंटची फाइल चव्हाट्यावर आली. म्हणून तो गप्प बसतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, पाणी मुरतंय. माझ्याकडे येणारे एक सर्जन स्वतःच्या एका तारेवर महिनाभर झोपले नव्हते, ती वेगळी गोष्ट. माझ्याही नावाखाली एक तारा आहे, बरं का: "मॅडम फक्त ऐकून घेतात." मला ती तक्रार आहे की शिफारस, हे अजून ठरवता आलेलं नाही.

आता बंद शटरवाल्या डॉक्टरांकडे येऊ. मीनलला वाटत होतं, जो दिसत नाही तो काहीतरी लपवतो. तिला मी २००२ सालच्या नियमांबद्दल सांगितलं. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या त्या आचारसंहितेत डॉक्टरने स्वतःची जाहिरात करणं गैर मानलंय. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवरून परत आलो, अशी मोजकी निवेदनं तेवढी चालतात. पाटी अवाढव्य नको, पाटीवर स्वतःचा फोटो नको. नाव, पदवी, विषय आणि नोंदणी क्रमांक एवढंच. ज्यांची उमेदीची वर्षं या नियमांत गेली त्या पिढीला इन्स्टावर यायला संकोच वाटतो, त्यात नवल काय? ऑगस्ट २०२३ मध्ये सोशल मीडियाबद्दलच्या सूचनांसह नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. म्हणजे डॉक्टरांनी नेटवर कसं वागावं याबद्दल खुद्द डॉक्टरांच्याच मनात पुरती स्पष्टता नाही, आणि आपण त्यावरून त्यांची पारख करतो.

रील्स करणारे डॉक्टर वाईट, असंही नाही हं. चांगल्या डॉक्टरने तीन मिनिटांत भूल म्हणजे काय हे समजावलेलं ऐकून माझ्या एका क्लायंटची धडधड थांबली होती. पण रील बघून आपल्याला कळतं ते त्यांना बोलता छान येतं, एवढंच. नेटवर तपासण्यासारखी एक गोष्ट नक्की आहे, ती मात्र शीटमध्ये नव्हती. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नोंदणी बघता येते. कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मणक्याचं ऑपरेशन करणारा न्यूरोसर्जन असू शकतो किंवा अस्थिरोगाचा एमएस, म्हणजे हाडांचा सर्जन, असू शकतो. नावापुढच्या अक्षरांचा अर्थ समजून घ्यावा. या कामाला फार तर अर्धा तास लागतो. मीनलने दोन महिने घालवले होते.

तेव्हा प्रश्न माहितीचा नव्हताच. मी विचारलं, "याआधी घरात डॉक्टर कोणी निवडला होता?"

ती बराच वेळ लॅपटॉपच्या झाकणावरचं स्टिकर नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "आईच्या वेळी निवडलाच नव्हता."

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. त्या महिन्यात नागपुरात जे होते त्यांना पुढचं सांगायला नको. रात्रभर फोन, रिक्षात ऑक्सिजनची नळी धरून बसलेला भाऊ, आणि पहाटे जिथे बेड मिळाला तिथे आईला ठेवलं. हॉस्पिटलचं नावही नीट वाचलं नव्हतं. नवव्या दिवशी आई गेली. "मी एकही प्रश्न विचारला नाही मॅडम. डॉक्टरांचं नाव मला बिलावरून कळलं."

तेव्हा निवड करायला वावच नव्हता, आणि आता तो मिळाल्यावर तिला निवडणं थांबवता येत नव्हतं. एक रिव्ह्यू वाचला की दहा मिनिटं जीव थाऱ्यावर, मग पुन्हा शंका, पुन्हा शोध. वाचून ही खाज भागत नाही, वाढते. यावर मी फार मोठं काही केलं नाही. रात्री नऊनंतर फोन बाबांच्या खोलीत चार्जिंगला ठेवायचा, एवढंच ठरवलं. पहिल्या रात्री एक वाजता ती बाबांच्या दारापर्यंत गेली आणि घोरणं ऐकून परत आली. दुसरं काम असं की आईच्या वेळी जे विचारायचं राहून गेलं ते कागदावर लिहायचं. पान भरलं. त्यातले पाच प्रश्न बाबांनाही लागू होते. ऑपरेशन आत्ताच हवं का? नाही केलं तर काय होईल? तुम्ही महिन्याला अशी किती करता? गुंतागुंत झाली तर कोण बघणार? आणि कुठलं लक्षण दिसलं तर वाट न बघता यायचं?

तो कागद घेऊन ती बाबांसोबत बंद शटरवाल्या डॉक्टरांकडे गेली. शटर उघडं होतं. अडीच तास बसवलं, हेही खरं.

डॉक्टरांनी एमआरआय बघण्याआधी बाबांना व्हरांड्यात चालायला लावलं. मग विचारलं, "बाजारात कसे जाता?" बाबा म्हणाले, "सायकल घेऊन. पण बसत नाही, हातात धरून चालतो. तसं बरं पडते." डॉक्टर हसले. पुढे वाकलं की मणक्यातली जागा थोडी मोकळी होते, म्हणून सायकलीवर रेलून चालताना पाय कमी दुखतात, असं त्यांनी कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं. बाबांनी ही सायकल घरात कोणालाच सांगितली नव्हती. मीनलच्या शीटमध्ये तिच्यासाठी रकानाही नव्हता.

तूर्त ऑपरेशन नाही, व्यायाम आणि औषध, दोन महिन्यांनी परत या, असं ठरलं. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायातलं बळ एकदम गेलं तर मात्र त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांनी मीनलकडून वदवून घेतलं. ऑपरेशनची वेळ आलीच तर कुठे करायचं हे तिने अजून ठरवलेलं नाही. दुसरं मत घ्यायचं म्हणते, आणि ते मला पटतं. शीट मात्र दोन ओळींची झालीय.

मागच्या आठवड्यात तिने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. त्या डॉक्टरांच्या पानावर चोविसावा रिव्ह्यू आलाय, बाबांच्या नावाने, आयुष्यातला त्यांचा पहिला. तीन तारे. "डॉक्टर चांगले. पण कमरेच्या पेशंटला बसायला लोखंडी खुर्च्या काहून ठेवल्या?"