आणीबाणी आली तर जगण्याचा हक्क राहतो का?

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी २६ नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. यंदा आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सरकारने उद्या आणीबाणी लावली, तर हे सगळे हक्क जातात का?” तिला नेमके काय सांगावे?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : सगळे जात नाहीत, आणि जे टिकतात त्यांत जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आहे, असे तिला निःसंकोच सांगा. मात्र १९७६ साली हे उत्तर देता आले नसते, हेही सांगायला हवे.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाल्यावर राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता), २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतील संरक्षणे) यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. तरीही ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांनी उच्च न्यायालयांत हेबियस कॉर्पसचे, म्हणजे कोठडीतल्या व्यक्तीला न्यायालयापुढे आणून कोठडी कायदेशीर आहे का ते तपासावे अशा मागणीचे, अर्ज केले, आणि मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी ते विचारात घेता येतात असा निर्वाळा दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथल्या सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर दाद कुठे मागायची? आणीबाणी असेपर्यंत दाद मागता येणार नाही, असे उत्तर मिळाले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू मान्य केली. खन्ना एकटे विरोधात राहिले. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक झाली आणि खन्नांनी राजीनामा दिला. संविधान दिनाच्या कार्यक्रमात भाषणे थोडी कमी करून हा प्रसंग मुलांना सांगितला, तर अधिक बरे, असे मला वाटते.

आज परिस्थिती वेगळी आहे ती १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीमुळे. तिने अनुच्छेद ३५९ मध्ये अशी तरतूद केली, की आणीबाणीतही अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतची संरक्षणे) व २१ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून त्या जागी ‘सशस्त्र बंड’ घातले, आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी उद्घोषणा करू नये, असेही ठरवले. १९७६चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, गोपनीयतेच्या हक्काच्या खटल्यात, स्पष्टपणे रद्दबातल ठरवला. त्यासंबंधीचे निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६च्या बहुमतातील न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र.

विद्यार्थिनी चौकस आहे, तेव्हा ती पुढे विचारील, की अनुच्छेद २२ चे काय? अटकेची कारणे कळणे, वकिलाचा सल्ला, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे ही संरक्षणे त्यातली, आणि ४४व्या दुरुस्तीच्या अपवादात या अनुच्छेदाचा समावेश नाही. शिवाय प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून डांबून ठेवण्याला, ही संरक्षणे एरवीही लागू होत नाहीत. अशा स्थानबद्धतेची, ती योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताविना चालणारी मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारे कलम त्याच दुरुस्तीत मंजूर झाले. ते अमलात आणण्याची अधिसूचना मात्र अजून निघालेली नाही.