साडी चोवीसशेची, बिल पंचवीसशे वीसचं

प्रश्न : दिवाणजीकाका, नमस्कार. पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही चौघीजणी खानापूरहून बेळगावला गेलो होतो. एका साडीला हाताने लिहिलेली २,७०० ची चिठ्ठी होती. अर्धा तास घासाघीस करून ती २,४०० ला ठरली. गल्ल्यावर बिल आलं २,५२० चं. विचारलं तर पोरगा म्हणाला, "जीएसटी वेगळा असतोय की वैनी." मग ठरलेल्या भावाला अर्थ काय? माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडेही कर नंतरच लावतात, त्यात गैर काही नाही. असं चालतं का? आणि माझे १२० रुपये परत मिळतील का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, आधी बिल काढून बघा. वरच्या बाजूला पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर असेल. आपल्या कर्नाटकातला २९ ने सुरू होतो, पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड-कोल्हापूरचा २७ ने. खाली सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ६० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ६० असं फोडून लिहिलं असेल, तर कर सरकारजमा व्हायचा आहे असं धरून चाला. अशा वेळी १२० रुपये परत मिळणं कठीण. चिठ्ठी हातची, भाव तोंडी, आणि "करासकट" हा शब्द तुम्हीही उच्चारला नाही, त्यांनीही नाही.

मात्र बिलावर 'बिल ऑफ सप्लाय' (म्हणजे कर न लावता द्यायचं बिल) असं छापलेलं असेल, तर उद्याच्या बसने परत जा. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेले बरेच दुकानदार कंपोझिशन या छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या कर-योजनेत असतात. त्यांनी उलाढालीवरचा आपला एक टक्का स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून कर म्हणून एक पैसाही वेगळा घ्यायचा नसतो. जीएसटी नंबरच नसलेल्यालाही तो अधिकार नाही. बंद पाकिटावर एमआरपी छापलेली असेल, तर प्रश्नच मिटला. ती सर्व करांसह असते, तिच्यावर रुपया चढवला तरी गुन्हा. छापील एमआरपीवर सवलतीची जाहिरात करून वर पुन्हा कर लावण्याबाबत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये गिऱ्हाइकाच्या बाजूने निकाल दिलेला आहे. तक्रारीचा फोन १९१५.

हे झालं कायद्याचं. तुमचा खरा प्रश्न ठरलेल्या भावाला अर्थ काय, हा आहे, आणि त्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे.

मी दिवाणजी म्हणून लागलो तेव्हा साडीवर विक्रीकर नव्हताच. १९५७ पासून कापडावरचा विक्रीकर काढून त्याऐवजी वर गिरणीतच जादा उत्पादन शुल्क घ्यायची पद्धत होती. म्हणजे कर होता, पण तो भावाच्या पोटात. गिऱ्हाइकाशी आकडा एकच बोलायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि साडीच्या बिलात पाच टक्क्यांची ओळ आली. मालकांनी ठरवलं, चिठ्ठ्या जुन्याच ठेवायच्या, कर गल्ल्यावर लावायचा.

त्याच महिन्यात चंदगडकडची एक म्हातारी नातसुनेसाठी साडी घ्यायला आली. सेल्समनशी घासून घासून तिने १,१५० ला ठरवली. माझ्यापुढे येऊन पदराची गाठ सोडली. शंभराच्या अकरा नोटा आणि पन्नासाची एक, घामाने एकमेकींना चिकटलेल्या. बसचे पैसे चंचीत वेगळे. मी म्हटलं, "आज्जी, बाराशे आठ." तिने माझ्याकडे बघितलं नाही, सेल्समनकडे बघितलं. म्हणाली, "मग मगापास्नं घासाघीस कशाची केलास गा?"

मी साडी ११५० ला दिली. संध्याकाळी मालकांनी ५८ रुपये माझ्या नावे टाकले. आता हिशेबाची गोष्ट बघा. रक्कम करासकट ११५० झाली, की तिच्यातला कर पाच टक्के सरळ लावून काढायचा नसतो. ११५० ला १०५ ने भागायचं, ५ ने गुणायचं. ५४ रुपये ७६ पैसे. मालकाला तोटा तेवढाच. वरच्या सव्वातीन रुपयांसाठी मी भांडलो नाही, पण विसरलोही नाही.

कर वेगळा ठेवण्यात दुकानदाराची सोय काय, ते मी आतून पाहिलं आहे. एक तर चिठ्ठीवरचा आकडा लहान दिसतो. दुसरं जास्त वाईट. गल्ल्यावर गिऱ्हाईक कुरकुरलं की हळूच विचारायचं, "पक्कं बिल पाहिजेच का?" कच्च्या चिठ्ठीवर १२० सुटतात, गिऱ्हाईक खूश. उद्या पहिल्या पाण्यात साडीचा रंग गेला तर हातात काय? मालक म्हणतो, ही साडी आमची नव्हेच. अशा कच्च्या चिठ्ठ्या मीही लिहिल्या आहेत, ताई. कर भावातच धरलेला असला, तर बिल नको म्हणून गिऱ्हाइकाचा एक रुपयाही वाचत नाही. मग ते बिल मागूनच घेतं.

दुकानदारांची एक अडचण मात्र खरी आहे. दर बदलला की चिठ्ठ्या बदला. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा तयार कपड्यांची दुकानं रात्री उशिरापर्यंत त्यातच होती. आता २,५०० पर्यंतच्या ड्रेसला पाच टक्के, त्यापुढे अठरा. २,५०० चा ड्रेस करासकट २,६२५ ला पडतो. भाव एक रुपयाने वाढला की कर धरून २,९५१. एका रुपयापायी सव्वातीनशेचा फरक! लग्नाला ड्रेस घेणार असाल तर हा आकडा ध्यानात ठेवा. (साडी शिवलेला कपडा नव्हे, तिला पाचच.) पण चिठ्ठ्या बदलायचा त्रास दुकानदाराने घ्यायचा की गल्ल्यावर उभ्या राहिलेल्या बाईने घ्यायचा?

भाच्याला सांगा, तिथली गोष्ट वेगळी. तिथे राज्याचा कर वेगळा, त्यावर काउंटीचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा), शहराचा वेगळा. ओरेगन राज्यात विक्रीकरच नाही. एकच वस्तू गावागणिक वेगळ्या रकमेला पडते, म्हणून दुकानदार टॅगवर मूळ किंमत लिहितो. आपल्याकडे साडीला बेळगावात पाच टक्के आणि गडहिंग्लजलाही पाचच. आणि जिथे सीमेच्या दोन बाजूंना भाव खरोखर वेगळा आहे, त्या पेट्रोलचं बघा. ते अजून जीएसटीच्या बाहेर, दोन्ही राज्यांचा कर निराळा. तरी निपाणीच्या पंपावर काय की कागलच्या काय, आकडा सगळं धरूनच लिहितात. टाकी भरल्यावर कोणी "आता कर वेगळा" म्हणत नाही. म्हटलं तर लोक पाइप तिथेच टाकून निघतील.

कोणी म्हणेल, कर भावात लपला तर सरकार किती घेतं ते कळणार कसं? बिलात कळेल. तिथे तो फोडून दाखवायचा कायदाच आहे. चिठ्ठीवर एक आकडा, बिलात त्याची फोड, इतकं सोपं आहे हे.

पुढच्या खेपेला भाव ठरायच्या आधीच विचारा, "सगळं धरून किती?" दुकानदार कन्नड असेल तर "एल्ला सेरी एष्टु?" आणि तो जो आकडा सांगेल तो चिठ्ठीवर त्याच्याच हाताने लिहून घ्या. फॉल-पिको त्यात आहे का, तेही त्याच दमात विचारा. बहुधा नसतं.