ग्रे व्हेल समुद्रात प्रत्यक्ष पाहायचे असतील तर कुठे आणि कधी जावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा नाशिकहून जानेवारीत तुमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या सान होजेला येताहेत, एप्रिलअखेर परत जाणार. बाबांना ग्रे व्हेल पाहायचाच आहे. आईंचे गुडघे दुखतात, शिवाय त्यांना बोट लागते. तर कुठे न्यावं, कधी न्यावं, आणि होडीत न बसता जमेल का?

जमेल. हे चार महिने नेमके ग्रे व्हेलच्या हंगामाचेच आहेत. ते दोघं जूनमध्ये आले असते तर मी तुम्हाला सरळ उत्तरेला ऑरेगन राज्यात पिटाळलं असतं.

ठिकाण नंतर बघा, आधी महिना बघा. हा प्राणी वर्षातला बराच काळ प्रवासात असतो. उन्हाळ्यात अलास्का आणि सैबेरियाच्या मधल्या बेरिंग आणि चुक्ची समुद्रात तळाचा गाळ तोंडात ओढून त्यातले बारीक जीव गाळून खातो. थंडीच्या तोंडावर दक्षिणेला निघतो आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या उथळ लगूनांपर्यंत, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या सरोवरांपर्यंत येतो. तिथे पिल्लं होतात, आणि मग फेब्रुवारीपासून परतीची वाट. जाऊन-येऊन १६,००० ते २०,००० किलोमीटर. यातला बहुतेक प्रवास किनाऱ्याच्या कडेकडेने होतो, म्हणून तर कड्यावर उभं राहून तो दिसतो.

आपल्या भागातून, म्हणजे मध्य कॅलिफोर्नियातून, दक्षिणेला जाणाऱ्यांची गर्दी जानेवारीच्या मध्याला असते. परतीची वाहतूक फेब्रुवारीअखेर सुरू होते आणि मार्चमध्ये ऐन भरात येते. पिल्लं घेतलेल्या माद्या सगळ्यात शेवटी येतात, एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत, आणि ऑर्का, म्हणजे पिल्लांची शिकार करणारे किलर व्हेल, टाळण्यासाठी किनाऱ्याला अगदी चिकटून जातात. म्हणजे जानेवारीत संख्या जास्त पण अंतरही जास्त, एप्रिलमध्ये संख्या कमी पण जवळून. मला विचाराल तर आई-बाबांसाठी एप्रिल. हवा बरी असते, आणि मोठ्या पाठीशेजारी छोटी पाठ वर आलेली दिसली की दुर्बिणीवरून घरात भांडणं होतात.

आता जागा. जो तो तुम्हाला सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचं पॉइंट रेयीस सांगेल. जागा जोरदार आहे यात शंका नाही, जमीन समुद्रात खूप आत घुसलेली असल्याने व्हेल जवळून जातात. पण दीपगृहापर्यंत ३१३ पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या, आणि वारा असा की टोपी गेली तर गेलीच. आईंना पायऱ्या उतरायला लावू नका. वरच्या कठड्यापाशीच थांबा, व्हेल तिथूनही दिसतात. निघण्याआधी धुक्याचा अंदाज जरूर बघा, नाहीतर इतकं लांब जाऊन पांढरी भिंत बघून परत याल.

सान होजेहून मी तरी आधी पिजन पॉइंटचं दीपगृह किंवा डेव्हनपोर्टचे कडे सुचवेन. दोन्ही हायवे वनला लागून आहेत, गाडी लावली की समुद्र समोर, चढ-उतार जवळजवळ नाही. घडीच्या खुर्च्या, थर्मासमध्ये चहा, अंगावर जाड जाकीट आणि कानटोपी. हो, कॅलिफोर्नियातसुद्धा कानटोपी. पॅसिफिकचा वारा काय असतो हे नाशिकच्या थंडीवरून कळत नाही. दिवसभर वेळ असेल तर कार्मेलच्या खालचं पॉइंट लोबोस. तिथे व्हेल नाही दिसला तरी सी लायन आणि समुद्री ऊदमांजरं (सी ऑटर) असतात, दिवस फुकट जात नाही.

बघायचं कसं, हे जागेपेक्षा महत्त्वाचं. सकाळी जा. दुपारी वारा वाढला की लाटांवर पांढरा फेस येतो आणि त्यात फवारा शोधणं म्हणजे डोळ्यांची शिक्षा. लख्ख उन्हापेक्षा ढगाळ दिवस बरा. दुर्बीण पहिल्यापासून डोळ्याला लावू नका, सगळेच हे करतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात. नुसत्या डोळ्यांनी सगळं पाणी संथपणे चाळायचं. कुठेतरी माणसाच्या दुप्पट उंचीचा पांढरट फवारा उठतो आणि विरतो. समोरून किंवा मागून पाहिला तर तो बदामाच्या आकाराचा दिसतो, कारण नाकपुड्या दोन असतात. आता दुर्बीण उचला, पण फवारा उठला तिथे रोखू नका, तो जातोय त्या दिशेला थोडी पुढे धरा. साधारण तीन ते पाच फवारे थोड्या थोड्या अंतराने येतात, मग शेपूट वर येते आणि स्वारी तीन ते पाच मिनिटं गायब होते. ही लय एकदा पकडली की पुढचं सोपं. ताशी सात-आठ किलोमीटरच्या वर तो सहसा जात नाही, त्यामुळे पुढे कुठे वर येईल याचा अंदाज बांधता येतो, आणि बाबांना त्या अंदाजात खरी मजा येईल.

ओळखायची खूण: पाठीवर पर (फिन) नसतो. पाठीच्या शेवटच्या भागात शेपटीकडे जाणारे गाठीसारखे उंचवटे असतात. करड्या कातडीवर पांढरे चट्टे. टोकदार पर दिसला तर तो ग्रे व्हेल नव्हे.

माँटेरेहून होडीच्या फेऱ्या आहेत आणि चांगल्या आहेत, पण बोट लागणाऱ्या माणसाला हिवाळ्यात त्या खाडीत नेऊ नये. बाबांना एकट्यांना न्या. उलटीची गोळी होडी सुटायच्या तासभर आधी द्या, मळमळायला लागल्यावर देऊन उपयोग नसतो. एप्रिलच्या फेरीत ऑर्काही दिसू शकतात. ग्रे व्हेलच्या माय-लेकरांना तिथली समुद्राच्या तळाची खोल दरी ओलांडायची असते आणि ऑर्का पिल्लासाठी टपून असतात. दृश्य गोड नसतं, हे आधीच सांगून ठेवा.

आणखी एक, जे पर्यटनाच्या पत्रकांत फारसं नसतं. गेल्या काही वर्षांत वसंतात ग्रे व्हेल गोल्डन गेटमधून थेट सान फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिरू लागलेत. खाडीतल्या एंजल आयलंड बेटाला जाणाऱ्या फेरीबोटीवरून मार्च-एप्रिलमध्ये अधूनमधून दिसतात. आनंदाची गोष्ट नाही ही. भुकेले, हडकलेले व्हेल जहाजांच्या वाटेत येतात, आणि २०२५ मध्ये बे एरियात, म्हणजे या खाडीच्या परिसरात, वीसहून जास्त ग्रे व्हेल मेलेले सापडले. एकूण संख्याही उतरली आहे. २०१६ च्या सुमारास २७,००० च्या आसपास असलेला हा कळप २०२५ च्या मोजणीत १३,००० च्या जवळ आलेला दिसला. आर्क्टिकमधलं बर्फाचं गणित बिघडल्यामुळे तळाचं खाद्य कमी झालं, असं अभ्यासक मानतात. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत वाचलं तितके व्हेल एका सकाळी दिसतील असं धरून चालू नका.

हे झालं कॅलिफोर्नियाचं. पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मेक्सिकोत आहे. बाबांना ‘पाहायचाच आहे’ असं तुम्ही लिहिलंय ना, मग फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चचा पहिला, आणि बाहा.

तिथे तीन जागा आहेत: ग्वेरेरो नेग्रोजवळचं ओखो दे लिएब्रे, त्याच्या दक्षिणेला सान इग्नासिओ, आणि आणखी खाली माग्दालेना उपसागर. पहिल्या दोन लगून एल व्हिस्काइनो अभयारण्यात येतात आणि १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पाणी खाडीसारखं शांत, त्यामुळे बोट लागणाऱ्यांनाही सहसा त्रास होत नाही. आईंना इथे होडीत बसवायला हरकत नाही, फक्त चढता-उतरताना दोघांनी हात द्यायचा. होडीला पांगा म्हणतात, आपल्याकडच्या मच्छीमारांच्या फायबरच्या होडीच्या जातीची, आठ-दहा माणसांची. चालवणारे तिथलेच मच्छीमार. सान इग्नासिओत हंगामात व्हेलच्या भागात मासेमारी बंद असते, एका वेळी ठरावीक होड्याच आत सोडतात, आणि साधारण दीड तासाने बाहेर काढतात.

या पाण्याचा इतिहास बाबांना आवडेल. १८५७ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन नावाचा अमेरिकन शिकारी कप्तान ओखो दे लिएब्रेत शिरला. पिल्लांसकट कोंडलेल्या माद्या मारणं सोपं होतं. काही वर्षांत लगून रिकामं झालं. माद्या पिल्लासाठी होड्या फोडत, म्हणून शिकाऱ्यांनी त्यांचं नाव सैतान मासा ठेवलं होतं. ती धास्ती स्थानिक मच्छीमारांत पुढे कित्येक पिढ्या टिकली. होडीजवळ व्हेल आला की वल्ह्याने लाकूड बडवायचं आणि पळायचं. १९७२ मध्ये सान इग्नासिओत फ्रान्सिस्को मायोराल, सगळे त्यांना पाचिको म्हणत, यांच्या होडीला एक व्हेल येऊन खेटला आणि हलेचना. शेवटी भीत भीत त्यांनी हात पुढे केला. व्हेल तिथेच राहिला. तिथून व्हेलला हात लावण्याचं हे सगळं सुरू झालं. पुढे त्याच लगूनपाशी मिठागराचा प्रचंड प्रकल्प येणार होता. बराच विरोध झाला आणि २००० मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष सेदीयो यांनी तो रद्द केला.

मी गेले तेव्हा होडीवाल्याने इंजिन मंद ठेवलं आणि सगळ्यांना पाण्यावर थापट्या मारायला सांगितलं. मला ते नाटकी वाटलं. पण खालून एक करडी सावली वर आली, होडीपेक्षा लांब, आणि शेजारी तिचं पिल्लू. फवारा अंगावर आला, त्याला माशाच्या बाजारातला शिळा वास होता, चष्मा पुसायलाही वेळ मिळाला नाही. पिल्लाने थोबाड होडीच्या काठाला टेकवलं. त्यावर छोट्या छोट्या खळग्या होत्या आणि खळगीत एकेक राठ केस. कातडी उकडून सोललेल्या अंड्यासारखी, थंड. मादीच्या डोक्यावर शिंपल्यांची पुटं आणि त्यांच्या फटींत वळवळणाऱ्या पिवळट उवा. त्या माणसाला लागत नाहीत, विचारून घेतलं. होडीवाला सांगतो तेवढंच करायचं. डोळ्याला, नाकपुड्यांना हात लावायचा नाही, आणि व्हेल स्वतः आला तरच हात लावायचा. कॅलिफोर्नियात याच्या उलट आहे, तिथे होडीने १०० यार्ड, म्हणजे नव्वदेक मीटर लांब राहायचं असतं.

जायचं कसं? सान इग्नासिओला तंबू किंवा लाकडी खोल्यांत राहावं लागतं, रात्री कडक गारठा, संडास थोडं चालून. आईंना झेपणार नसेल तर बाहातल्याच लोरेतोला विमानाने जा, गावात हॉटेलात राहा, आणि पहाटे गाडी करून माग्दालेना उपसागरातल्या पुएर्तो लोपेस मातेओसला जाऊन संध्याकाळी परत या. तिथे व्हेल इतके लगट करत नाहीत, पण माय-लेकरं भरपूर जवळून दिसतात. भारतीय पासपोर्टावर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मात्र तो एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा असला पाहिजे, नाहीतर आई-बाबा परत कसे येणार? नियम बदलतात, तिकीट काढायच्या आधी मेक्सिकोच्या वकिलातीचं पान बघाच.

तारखा हुकल्या तर: मार्च ते मे सिअॅटलच्या उत्तरेला व्हिडबी बेटापाशी काही ठरावीक ग्रे व्हेल दरवर्षी चिखलातली कोळंबी खायला येतात. जून ते ऑक्टोबर ऑरेगनचं डेपो बे. उत्तरेला न जाता इथल्याच किनाऱ्यावर उन्हाळा काढणारे दोन-अडीचशे आहेत, त्यांतले काही तिथे गावातल्या भिंतीवरून दिसतात. कॅनडात व्हँकुव्हर बेटावरचं टोफिनो, मार्चपासून.

राहता राहिला बाबांचा शेवटचा प्रश्न, कोकणात दिसतात का. नाही. हिंदी महासागर ग्रे व्हेलच्या वाटेवर नाही. सिंधुदुर्गाच्या समुद्रात ब्रायडीज व्हेल आणि ब्लू व्हेलच्या नोंदी आहेत, पण त्या तुरळक, पर्यटकाने भरवसा ठेवावा अशा नाहीत. मुरुड, दापोली, तारकर्लीला सकाळी होडीवाले दाखवतात ते डॉल्फिन.