नऊ पाकिटं कुणासाठी?

प्रिय चिमणे,

काल न्यूर्नबर्गच्या नाताळ-बाजारातून परतताना यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, तू विचारलंस, "आई, आपण नऊ पाकिटं का घेतली? जे आलेच नाहीत त्यांच्यासाठी कशाला?" मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी येईपर्यंत तू झोपलीस. म्हणून लिहून ठेवतेय. हळूहळू वाच, जोडाक्षरं अडली तर बाबाला विचार.

तुला लाज वाटली होती, ते दिसलं मला. एकमेकांना आपापली भाषा शिकवणारा आपला अख्खा भाषा-कट्टा थंडीत पाय आपटत उभा, आणि मी लेबकुखनच्या, म्हणजे नाताळच्या मसालेदार गोड बिस्किटांच्या, दुकानात बोटं मोजत, हिला एक, त्याला एक. तुझ्या मैत्रिणीच्या आईनं एकच पाकीट घेतलं. तेही त्यांनी तिथंच फोडलं.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा आजी मला मालवणजवळ आंगणेवाडीच्या जत्रेला न्यायची. भराडी देवीची जत्रा. न्यूर्नबर्गचा बाजार कसा, अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ख्रिस्टकिंड, म्हणजे देवदूताच्या वेशातली मुलगी, चर्चच्या सज्जात येते आणि तो सुरू होतो. आंगणेवाडीला तसं नाही. तिथं तिथी ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन तारीख काढतात, आणि ती कळली की मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांमागे धावतात. जत्रेत मला पिपाणी हवी असायची. आजीला हवा असायचा खाजा. बेसनाच्या बोटाएवढ्या कांड्या तळायच्या आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळायच्या, तो खाजा. दाताखाली आधी कडकडतो, मग आल्याचा झटका नाकात जातो. काल तू लेबकुखनचा घास घेऊन "हे तिखट गोड आहे" म्हणालीस ना, तेव्हा मला तोच आठवला.

परत आल्यावर पुडे सुटायचे. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना, वेंगुर्ल्याहून आलेल्या शिंपिणीला, ताप आलेल्या पोराला. जे जाऊ शकले नाहीत त्यांना आधी. एकदा मी सगळे पैसे पाळण्यात घालवले, तर आजी म्हणाली, "जत्रेक गेलंस आणि रिकाम्या हातान इलंस?" ओरडली नाही. पण स्वतःच्या पुड्यातला अर्धा खाजा काढून माझ्या हातात दिला आणि काकूंकडे पाठवलं. माझ्या नावानं.

याला आपण खाऊ म्हणतो. काल कट्ट्यावर प्रत्येकानं आपल्या भाषेतला एक शब्द शिकवायचा होता, मी हाच दिला. कट्ट्यावरच्या निवृत्त शिक्षिका आजी लगेच म्हणाल्या, जर्मनमध्ये आहे की, मिटब्रिंग्झेल! बरोबर आणलेली वस्तू. जवळचा शब्द आहे, पण मिटब्रिंग्झेल म्हणजे फ्रिजवरचं चुंबकही चालतं. खाऊ संपावा लागतो.

मग त्यांनी जे सांगितलं ते तू ऐकलं नाहीस, तू तेव्हा 'श्योनर ब्रुनेन' या चौकातल्या कारंज्याची पितळी कडी फिरवत होतीस. या बाजाराचा सगळ्यांत जुना पुरावा म्हणजे 1628 सालची लाकडाची एक लहानशी डबी. वर फुलं रंगवलेली. तळाशी लिहिलंय की ही या बाजाराच्या निमित्तानं एका मुलीनं दुसरीला पाठवली. तीसुद्धा भेटच, म्हण ना! ती डबी इथल्याच गेर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये आहे. सुट्टीत जाऊ.

आता एक खरं सांगते. खाऊचा जाचही होतो. आपण भारतात गेलो की बॅगेचं कुलूप उघडायच्या आधीच "चॉकलेटं आणलीत ना?" विचारणारे काकामामा तुला माहीत आहेत. तो खाऊ नव्हे, ती वसुली. मलाही ती आवडत नाही. आणि काल दुकानदारीणबाईंना मी फार वेळ थांबवलं, हेही खरं.

पाकिटांचा हिशोब: तळमजल्यावरच्या आजींना एक, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कट्ट्यावरच्या सीरियन काकांना एक, त्यांना बेकरीत शिफ्ट होती. तुझ्या व्हायोलिनच्या बाईंना एक. दोन आजी-आजोबांना, जानेवारीत ऑफिसातले काका मुंबईला जातायत त्यांच्याबरोबर. उरलेली आपली.

तळमजल्यावरच्या आजींकडे सोमवारी शाळेतून आल्यावर तू जा. पिशवी दारात ठेवून पळू नकोस, बेल वाजव. त्या आत ये म्हणाल्या तर जा. आणि त्यांच्यासमोर लेबकुखनच्या खालची पांढरी चकती सोलून टाकू नकोस बाई! काल कागद समजून टाकलीस ती ओब्लाटे होती, पातळ पापडीसारखी, खायचीच असते. पीठ अगदी कमी आणि बदाम-अक्रोड भरपूर, असं ते मिश्रण ट्रेला चिकटू नये म्हणून खाली लावतात.

आत्ता डब्यात मोजली तर आठच आहेत. नववं तू खाल्लंस की बाबानं, ते सकाळी सांग.

तुझी
आई