विनिपेगला येताय, तर जुनी बॉम्बार्डियर घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत गॅरेजची नोकरी, युद्धकाळातली विलीज जीप स्वतःच्या हातानं उभी केलीय, आणि आता पीआरवर (कायम राहण्याच्या परवान्यावर) बायको-मुलीसह कॅनडातल्या विनिपेगला येताय. बॉम्बार्डियरसारख्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या जुन्या बर्फगाड्या जपणाऱ्या इथल्या मंडळींत शिरकाव मिळेल का, आणि आल्याआल्या एखादी स्वस्तातली गाडी घेऊन टाकावी का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, पहिले दोन हिवाळे तरी, नाही.

मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, तुमच्या नजरेला पडेल ती बहुतेक बॉम्बार्डियरची बी-१२ असेल. पुढे दोन स्की, मागे पट्टे, बाजूला जहाजासारख्या गोल खिडक्या, आत बारा माणसांची सोय. ती बनवली क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डियरनं. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फानं बंद होते, त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला अपेंडिक्सच्या दुखण्यात हॉस्पिटलात नेता आलं नाही आणि मूल गेलं. त्या दुःखातूनच गाडी जन्मली असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. हा माणूस १९२२ पासूनच, म्हणजे पोरवयातच, बर्फावर चालणारं काहीतरी बनवायच्या नादात होता. १९३७ मध्ये त्यानं रबर चढवलेल्या दातेरी चाकाचं आणि पट्ट्याचं पेटंट मिळवलं, १९४२ मध्ये कंपनी काढली आणि बी-१२ जोरात खपू लागली. मग १९४८ मध्ये क्वेबेक सरकारनं खेड्यापाड्यातले रस्तेही हिवाळ्यात साफ करायचं ठरवलं, आणि गिऱ्हाईक आटलं. पुढे १९५९ मध्ये त्यानंच स्की-डू ही स्कूटरसारखी बसायची छोटी बर्फगाडी आणली.

मॅनिटोबात गोष्ट वेगळी झाली. विनिपेग सरोवर गोठलं की त्यावर बर्फ सारणारा नांगर फिरवायला सरकार येत नाही. त्यामुळे सरोवराकाठच्या गिमलीकडचे मासेमार जाळी आणि मासे वाहायला बॉम्बार्डियर वापरतच राहिले. म्हणून इथे ही गाडी नुसती म्युझियमची वस्तू नाही. तुम्ही जिला खजिना समजाल, ती समोरच्याच्या लेखी कामाचं जनावर असते, आणि बोलणी करताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता गाडी बघायची कशी. इंजिनाकडे शेवटी बघा. साइड-व्हॉल्व क्रायस्लर सहा सिलिंडर हे इंजिन शेतीयंत्रांत, फोर्कलिफ्टमध्ये सगळीकडे बसवलेलं होतं, त्यामुळे त्याचे सुटे भाग मिळतात. आणि विलीजचं इंजिन उघडलेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही. खरी गोम लाकडात आहे. सांगाडा लाकडी, वरून प्लायवूड. बाहेरून रंग ताजा मारलेला असतो. एक बारीक स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा, मालकाला विचारून दाराच्या चौकटीखाली आणि मागच्या कोपऱ्यात टोचून बघा. टोक भिजल्या टोस्टात शिरावं तसं आत गेलं, तर ती दुरुस्ती नव्हे, सुतारकाम आहे, नि तेही वाफेनं फळ्या वाकवण्याच्या तोडीचं.

दुसरं, पट्टे. रबरी पट्ट्यांवर लोखंडी आडव्या पट्ट्या बोल्टनं बसवलेल्या असतात. बोल्टच्या भोकांभोवती आतल्या बाजूनं बोट फिरवा. बाहेरून धडधाकट दिसणारं रबर तिथेच भेगाळतं. नवा संच हजारो डॉलरला जातो, आणि विक्रेते 'पट्टे थोडे जुने आहेत' असं जे म्हणतात ते याच खर्चाबद्दल असतं.

तिसरं, धूर. इंजिन मागे, माणसांच्याच डब्यात. सायलेन्सरचा सांधा सुटला की कार्बन मोनॉक्साइड आत भरतो, आणि थंडीत खिडकी कोणी उघडत नाही. गजर देणारा डिटेक्टर लावल्याशिवाय आत बसू नका, मालक कितीही हसला तरी.

सरोवरावर मात्र एकट्यानं कधीच नाही. बर्फाची जाडी दर थोड्या अंतरावर बदलते, आणि दाबानं उठलेल्या कड्यांपाशी तर भरवसाच नाही. ऑगरनं, म्हणजे बर्फाच्या गिरमिटानं, भोक पाडून जाडी मोजणाऱ्याच्या मागून जा.

बाकीच्या गाड्यांबद्दल पटकन. ओरेगॉनच्या मेडफर्डमधली टकर स्नो-कॅट चार पट्ट्यांची. १९५७-५८ मध्ये व्हिव्हियन फुक्स या ब्रिटिश संशोधकाच्या मोहिमेनं अंटार्क्टिका ९९ दिवसांत ओलांडलं, तेव्हा तिच्यातल्या चारही टकर पलीकडे पोचल्या, बाकीच्या गाड्या वाटेत सोडाव्या लागल्या. टकरवाले हे तुम्हाला न विचारता सांगतील. युटामधल्या लोगनची थायोकॉल दोन दांड्यांनी वळते. तिच्या डिफरन्शियलमधले ब्रेकपट्टे झिजले की ती एका बाजूला वळायचंच नाकारते. नवख्यानं घ्यायचीच तर स्वीडनची स्नो ट्रॅक घ्यावी असं माझं मत. लहानशी, गोल स्टीअरिंग, इंजिन फोक्सवॅगन बीटलचं.

ओळख कशी होईल? पैशानं नाही, हातानं. इथे मजुरी महाग, म्हणून लोक सुटा भाग बदलतात, बनवत नाहीत. लेथवर बुश वळवून देणारा, पत्रा ठोकून सरळ करणारा माणूस त्यांना दुर्मिळ. मंडळी बहुतेक शेतकरी, निवृत्त मेकॅनिक, मासेमार. बोलतात कमी. जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळाव्यात गाठा, कोणाच्या शेडमध्ये काम चालू असेल तर डोनटचा डबा घेऊन जा, आणि पहिल्याच दिवशी 'विकणार का?' विचारू नका.

अजून दोन व्यवहाराच्या गोष्टी. भाड्याच्या अपार्टमेंटला शेड नसते, आणि उणे तीसमध्ये उघड्यावर पाना हातात धरवत नाही. शिवाय अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणजे ट्रेलर आणि तो ओढणारी पिकअप आली. पहिल्या वर्षाचा पैसा गरम कपडे, हिवाळी टायर आणि तुमच्या रोजच्या गाडीच्या ब्लॉक हीटरला (थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरला) लागेल.

नोकरीसाठी रेड सीलची, म्हणजे कारागिरांसाठीची कॅनडाभर चालणारी, परीक्षा द्यायची असेल, तर किती तास कोणतं काम केलं याची लेखी पत्रं मालकांकडून लेटरहेडवर आत्ताच घ्या. इथून फोन करून ती मिळवताना नाकी नऊ येतात. हत्यारांची पेटी मात्र आणू नका, विमानात वजनाचे पैसे जातील. या गाड्यांना इंची पाने लागतात, आणि मे महिन्यापासून घरोघरी जुन्या सामानाचे जे गॅरेज सेल लागतात, तिथे कोणा आजोबांचा अख्खा संच किरकोळीत मिळतो.